वंदनाची न टाकलेली चिठ्ठी

ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही, आणि त्याच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. तुम्हाला सांगते. मुद्द्यावर यायला मला वेळ लागेल — तेवढं चालवून घ्या.

भिलाईत आमच्या स्टील प्लांटच्या वसाहतीच्या क्लबचा एक रेडिओ होता. रेडिओ आपला म्हणायचा. एक खोली, रेकॉर्ड प्लेअर, माईक, आणि तारा ओढून बाजारात नि बागेत लावलेले चार भोंगे. संध्याकाळी दीड तास मी त्यावर बोलायचे. आधी भजनं, मग प्लांटच्या सूचना, मग अर्धा तास मराठी. लोक मला 'रेडिओवाल्या ताई' म्हणत. भाजीवाला कोथिंबीर चार काड्या जास्तच घालायचा. मला हे फार आवडायचं — का नाही आवडणार?

मग घरोघरी टीव्ही आले आणि बाग ओस पडली. कमिटीने भजनं काढली, मराठी काढलं, सगळा वेळ फर्माइशीच्या गाण्यांना दिला. दाराशी पेटी ठेवली. लोकांनी चिठ्ठी टाकायची, मी नाव वाचून गाणं लावायचं. चिठ्ठ्या आल्या नाहीत तर दिवाळीनंतर भोंगे उतरवायचे, असंही ठरलं.

पहिल्या आठवड्यात पेटीत पाच चिठ्ठ्या निघाल्या. दुसऱ्या आठवड्यात एक, तीही सायकल हरवल्याची.

मी काय केलं? क्लबच्या वाचनालयाचं रजिस्टर उघडलं आणि त्यातली नावं वाचायला लागले. कुणाचं काय बिघडत होतं? लोक उलट खूश व्हायचे, कुणीतरी आपल्या नावाने चिठ्ठी टाकली म्हणून. बाजारात माणसं थांबून ऐकू लागली. मग मला वाटलं, थोडी फोडणी हवी.

एका शनिवारी मी दोन नावं जोडून वाचली. रिसाली सेक्टरची वंदना आणि रिसालीचाच प्रकाश. रजिस्टरात ती एकाखाली एक होती, तेवढाच त्यांचा संबंध. गाणं प्रेमाचं लावलं. आडनावं मी गाळली — ती बाजाराने लावली. दोघांच्या जाती वेगळ्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणू का? आडनावं माझ्या डोळ्यांसमोर लिहिलेली होती.

मंगळवारी वंदनाचे वडील तिला घेऊन क्लबात आले. प्लांटमध्ये फिटर होते, शांत माणूस.

"ताई, पोरगी म्हणते मी चिठ्ठी टाकलीच नाही. मले ते चिठ्ठी दाखवा न. तिचं अक्षर मले ओळखू येते."

वंदना त्यांच्या मागे उभी होती. भ्यायलेली नव्हती. ताई आता खरं काय ते सांगतील, अशा भरवशाने बघत होती. एक वाक्य पुरलं असतं. पण शेजारच्या खोलीत कमिटीचे सेक्रेटरी बसले होते, आणि दार उघडं होतं.

"वाचून झाल्या की आम्ही चिठ्ठ्या फाडून टाकतो, भाऊ," मी म्हणाले.

"पन चिठ्ठी होती न?"

"होती."

वंदना बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. त्याच आठवड्यात तिचं कॉलेज सुटलं. होळीच्या आत गोंदियाकडच्या एका खेड्यातला मुलगा ठरला. माझे भोंगे मात्र पुढे दोन वर्षं वाजले. लाज वाटायची, खूप वाटायची — तरी रोज संध्याकाळी पाचला मी माईकसमोर बसत होते. नोकरी नव्हती ती, हौस होती. म्हणजे पोटासाठी केलं, असंही मला म्हणता येत नाही.

लग्नाचं बोलावणं आलं, आणि मी गेले. वंदनाने वाकून नमस्कार केला, मग माझा हात धरून हळूच विचारलं, "ताई, माह्या नावानं ते चिठ्ठी कोनं टाकली असन हो?"

"कोणास ठाऊक, बाई," मी म्हटलं, आणि जाऊन पंगतीला बसले.