चौकातलं वाकडं नाक

तुमसरच्या कुंभारपुऱ्यातल्या गोदावरीबाईचं नाक वाकडं होतं, आणि ते काही देवानं वाकडं केलेलं नव्हतं. मडकं ठोकायच्या लाकडी थापीनं तिच्या नवऱ्यानं, केवळरामनं, ते मोडलं होतं. कारण काय, तर वरणात मीठ जास्त झालं. मीठ बेताचं असतं तरी मोडलंच असतं म्हणा. त्या माणसाचा हात मातीवर हळू पडायचा, बायकोवर नाही.

गावाची मारबत केवळरामच करायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही भाताच्या तणसाची आणि मातीची बाई गावभर फिरवतात, सगळी रोगराई तिच्या अंगावर घालतात, तिला चपलांनी झोडपतात आणि शिवेबाहेर नेऊन जाळतात. नाक मोडलं त्या वर्षी केवळरामनं मारबतीला बायकोचं तोंड दिलं. गाल तेच, हनुवटी तीच, नाक डावीकडं वळलेलं. गोदावरी दारात उभी राहून बघत होती. गाव तिच्या तोंडावर चपला हाणत होतं आणि नवरा हसत होता. गावाला यातलं काहीच कळलं नाही. यंदा मारबत झकास भेसूर जमली, म्हणून गाव खूश. मग दरवर्षी तेच तोंड आणि त्याच चपला.

पंचाहत्तर साली केवळराम विहिरीत पडून मेला. दारू पिऊन पडला. कोणी ढकलला नव्हता, उगाच शंका घेऊ नका. गोदावरीनं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिनं थापी उचलली आणि मडकी, मूर्ती, मारबत सगळं स्वतः करू लागली. मारबतीचा चेहरा बदलावा असं तिला फार वाटे. पण एकदा बदलून पाहिला तर लोकांनी तो परत पाठवला. त्यांना त्यांची नेहमीची मारबत पाहिजे होती.

पुढं बाजार चौक सजवायची हुक्की व्यापाऱ्यांना आली. राईस मिलच्या लांबलचक भिंतीवर नागपूरच्या पेंटरनं बैलबंड्या, धानाच्या राशी आणि चाफेकळी नाकाच्या गोऱ्यागोमट्या बाया रंगवल्या. भिंतीसमोरच्या चबुतऱ्यावर धानाची रोवणी करणाऱ्या बाईचा सिमेंटचा पुतळा उभा करायचं ठरलं. गावात मूर्ती घडवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काम गोदावरीकडं आलं. तिनं सळ्या वाकवल्या, तारा बांधल्या, सिमेंट थापलं. कंबरेत वाकलेली, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी धरलेली, मान वर करून समोर बघणारी बाई उभी राहिली. चेहरा पाहायला धानाचे व्यापारी बाबूलाल शेठ आले आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, नाक वाकडं काहून केलं?"

"माहं नाक हाय ते, शेठ."

"असंन. पण पुतळा चांगला दिसाले पायजे का नाही? सरळ करून टाक."

"सरळ केलं का ते कोणाचंही होईन," गोदावरी म्हणाली आणि थापी धुवायला लागली.

तिला एवढंच हवं होतं. ज्या तोंडावर अख्ख्या गावानं चपला मारल्या, ते तोंड एकदा भर चौकात ताठ उभं राहावं आणि त्याच्या गळ्यात हार पडावा. नाक तसंच राहिलं आणि उन्हाळ्यात उद्घाटनाचा हार पडलाही. तेव्हापासून भाजी घ्यायची नसली तरी ती बाजारातून चक्कर मारून येई.

पोळा आला. नेहमीसारखी मारबत निघाली, चौकात पोचली आणि लोक थबकले. खांद्यावर एक, चबुतऱ्यावर एक, तोंड एकच. हमालांचा मुकादम देवाजी ओरडला, "एक भायेर नेऊन राहिलो, अन् दुसरी इथंच उभी हाय." लोक खो-खो हसले. पण त्याच आठवड्यात हमालांच्या वस्तीत हगवण-उलटीची साथ लागली, लहान लेकरं दगावली आणि हसू आटलं. मारबत गावातच राहिली, मग साथ जाणार कशी? देवाजी दारूच्या दुकानापासून मिलच्या फाटकापर्यंत हेच सांगत सुटला.

भर बाजाराच्या दिवशी देवाजी आणि त्याचे हमाल सब्बल आणि घन घेऊन आले. गोदावरी धावत गेली आणि तिनं पुतळ्याला मिठी मारली.

"हे मारबत नोहोय," ती म्हणाली. "नीट पाहा. हे मी हाय."

लोकांनी पाहिलं. पुतळ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं ती त्यांना मडकी विकत होती, आणि तिच्या तोंडाकडं त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.

"मंग तूच मारबत," देवाजी म्हणाला आणि त्यानं घन घातला.

पहिला घाव तिच्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. दुसऱ्या घावानं पुतळ्याचं नाक उडालं. मग कोण कुठं मारतंय याचा काही धरबंध उरला नाही. सिमेंटची ढेकळं पडत होती, चपला पडत होत्या, तिच्या तोंडातून रक्त गळत होतं. पुतळ्याचं डोकं दोरीला बांधलं, तिला केसांना धरलं, आणि दोघींना एकत्रच फरफटत शिवेवरच्या नाल्यापर्यंत नेलं. रॉकेल आणायला माणूस गेला होता. तेवढ्यात पोलिसांची गाडी दिसली आणि सगळे धानाच्या शेतांतून पळाले.

शिवेबाहेर गेलेली मारबत परत येत नसते. गोदावरी आली. मोडका हात पदरात बांधून, दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच चौकातून आली. चबुतऱ्यावर नुसत्या सळ्या उभ्या होत्या. मागच्या भिंतीवरच्या सरळ नाकाच्या बाया हसत होत्या, त्यांना कोणी बोटही लावलं नव्हतं.

हाड वाकडंच जुळलं. साल उलटलं, पोळा जवळ आला आणि तीच माणसं खाली मान घालून तिच्या दारात उभी राहिली. मारबत केल्याशिवाय गावाला करमत नाही आणि करणारं दुसरं कोणी नाही, असा हा निर्लज्ज कारभार. ती म्हणाली, "मारबत नाही. यंदा बडग्या देईन." बडग्या म्हणजे मारबतीचा पुरुष अवतार. चालेल, लोक म्हणाले.

बडग्या बाजारात आला. जाड मान, फाटलेली डावी कानपाळी, डोक्याला लाल दुपट्टा. देवाजीला ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. देवाजी लाठी घेऊन पुढं आला आणि जागीच थांबला. तोडावा तर हा आपणच आहोत हे चारचौघांत कबूल करावं लागणार.

चपला हातात घेऊन सगळे उभे, मारत कोणीच नव्हतं. गोदावरी मिलच्या भिंतीला टेकून बघत होती.

मग बायांच्या घोळक्यातून केशरबाई बाहेर आली. देवाजीची बायको. तिचा उजवा डोळा सुजून काळानिळा झाला होता. नवऱ्याकडं न पाहता ती बडग्यासमोर गेली, वाकली आणि पायातली चप्पल काढली.