रिलीव्हर येईपर्यंत

मंगळवारी दुपारी चार वाजता वडील वारले. मी मोशीपाशी रस्त्यावर होतो. आईचा फोन दोन वाजता आला होता. चाकणहून मी सव्वातीनला निघालो.

दोन ते सव्वातीन मी काय करत होतो, ते सांगायचं तर आधी कामाबद्दल सांगावं लागेल. चाकणच्या एका गोदामात मोटारींचे सुटे भाग रॅकपासून पॅकिंगपर्यंत नेणाऱ्या ट्रॉल्या आहेत. त्यांना चालक नाही, त्या वायफायवर चालतात. छताला ठरावीक अंतरावर वायफायचे डबे लावलेले आहेत. ट्रॉली पुढे सरकली की तिने मागच्या डब्याचा हात सोडून पुढच्याचा धरायचा. याला आमच्याकडे हँडओव्हर म्हणतात. अकराव्या खांबापाशी त्याला दीड-दोन सेकंद लागत. तेवढा वेळ संपर्क तुटला की ट्रॉली सुरक्षेसाठी जागीच थांबते आणि मग माणसाने जाऊन बटण दाबावं लागतं. तो वेळ कमी करण्यासाठी मला नेमलं होतं.

बटण दाबणारे गृहस्थ जवळच्याच गावचे होते.

"सायेब, ही रोज खांबाच्या पाया पडती बघा. नारळ फोडायचा का?"

मी त्यांना सांगितलं, की पुढचा डबा तिची ओळख पटवून घेतो, त्यात वेळ जातो.

"दिवसभर त्याच वाटंनं जाती, तरी वळख न्हाई? आमचा गेटवरचा वॉचमनबी एवढा येडा न्हाई, राव."

हे मी घरी वडिलांना सांगितलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर होते, निवृत्त होईपर्यंत तीन शिफ्टमध्ये. माझ्या कामातलं त्यांना फारसं काही पटत नसे. हे मात्र त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकलं.

"मागच्या डब्याने सोडल्यावर पुढचा ओळख विचारतो?"

"हो."

"मग चूक तिथेच आहे. आमच्याकडे दुसऱ्या शिफ्टचा माणूस आधी मशीनपाशी येऊन उभा राहायचा. गेटपास, हजेरी सगळं करून. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. एवढं साधं तुम्हाला कॉलेजात शिकवत नाहीत?"

शिकवतात. ट्रॉलीची ओळख पुढच्या डब्यांना आधीच कळवून ठेवायची सोय त्या यंत्रणेतही होती, पण कोणीतरी ती बंद ठेवली होती. कारण गोदामातले जुने स्कॅनर तिच्यामुळे अडायचे. मी ट्रॉल्यांसाठी वेगळं नेटवर्क केलं आणि त्यावर ती सोय सुरू केली. वडील रोज जेवताना विचारत, "उभी राहते का अजून?" चाचणी मंगळवारी ठरली.

आई फोनवर म्हणाली, "ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात आणलंय. ये लवकर."

ट्रॉल्या नव्या व्यवस्थेवर फिरत होत्या आणि रॅकांमधून माणसं ये-जा करत होती. काही बिघडलं तर सगळं पूर्ववत करणारा तिथे मी एकटाच होतो. मी चिंचवडच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला बोलावलं. तो लगेच निघाला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, "भावा, ट्रॅफिकमध्ये अडकलोय. तू निघ ना, मी येतोच दहा मिनिटांत." मी म्हणालो, ये, मग निघतो. तो तीन वाजता आला. मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं, वहीत लिहून सही केली आणि निघालो.

चाचणी थांबवता आली असती. त्याचं बटण माझ्या टेबलावरच होतं. ते मला सुचलं नाही असं नाही. रिलीव्हर आलेला नाही, एवढंच डोक्यात होतं. त्या सव्वा तासात अकराव्या खांबापाशी एकही ट्रॉली थांबली नाही. मी पाहत होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तोच सहकारी आला. जाताना त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "आत्म्याचाही एक हँडओव्हरच असतो रे." आम्ही बौद्ध, आमच्यात आत्मा मानत नाहीत, आणि हँडओव्हरला दोन डबे लागतात. मी त्याला आणखी एक कप चहा दिला.

आईने उशिराबद्दल काही विचारलं नाही. ती रस्त्याला दोष देत होती. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, चाकणचा रस्ता म्हणजे काय विचारू नका. मी शेजारी बसून ऐकायचो. असा महिना गेला. मग एका रविवारी ती मेथी निवडत असताना मी तिला बटणाचं सांगितलं.

"म्हणजे तुला दोनला निघता आलं असतं?"

"हो."

"मग?"

"रिलीव्हर आला नव्हता."

तिने थोडा वेळ मेथी निवडली.

"तू झालास तेव्हा हेही असेच. पहाटे निरोप धाडला, दुपारी उगवले. रिलीव्हर नव्हता म्हणे. आठ दिवस बोलले नव्हते मी."

"मग?"

"मग काय? नवव्या दिवशी चहाचं दूध संपलं, आणायला सांगावं लागलं."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"दवाखान्यात तीन वाजायच्या आत दोनदा विचारलं ह्यांनी, तो निघाला का म्हणून," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मी हो म्हणाले. मला काय माहीत."

ती जुडी संपवून उठली. त्यानंतर तिने रस्त्याला दोष देणं बंद केलं. कोणी विचारलंच तर म्हणते, कामावर होता.

आता कासारवाडीच्या घरात आई आहे आणि मी आहे. ती माझ्याशी बोलते. वडिलांना मिळालेलं उत्तर खरं नव्हतं, हे आम्हा दोघांनाच माहीत आहे.