आधी बशी, मग बोलणं

पत्र्यापलीकडे पंढरी आणि त्याची बायको रतन भांडत होती, तेव्हा आवडाबाईच्या लग्नाला चारच महिने झाले होते. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या त्या चाळीत दोन खोल्यांमध्ये भिंत कसली, पत्राच. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान काय काढून ठेवणार?

"आधी चहा दे गं, आत्ता पाळी संपवून आलोय."

"चहा उकळतोय. तोवर ऐका, तुमची आई नळावर मला काय बोलली!"

"अगं, बूट तरी काढू दे."

"काढा ना. कानात थोडेच घातलेत?"

मग कप फुटल्याचा आवाज आला. दिवेलागणीला रतन पिशवी घेऊन विठ्ठलवाडीला माहेरी गेली, ती गेलीच.

आवडाबाईला किती दिवस वाटत राहिलं, बाई गं, तू खोटं नाही बोललीस, फक्त चहाच्या आधी बोललीस.

तेव्हापासून तिच्या घरात नेम झाला. संध्याकाळी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या गवती चहाची दोन पाती खुडायची, आलं ठेचायचं, चहा उतरवून वर ताटली ठेवायची. मग सगळ्यांनी भुईवर बसून बशीतून प्यायचा. बशी रिकामी होईस्तोवर कुणी बोलायचं नाही. नवरा भिवाजी चिडवायचा, "उपास-तापास कमी होते, आता हे!" पण बसायचा. तो वारला, तरी पातेलं चुकलं नाही.

खरा प्रसंग आला तो सून वर्षालीच्या वेळी. मुलानं, सुदेशनं, बायकोला न विचारता मामेभावाला वर्षभर राहायला बोलावलं. दोन खोल्यांत! आत वर्षालीच्या बॅगेची चेन ओढल्याचा आवाज झाला आणि आवडाबाईला रतनची पिशवी आठवली. तिनं आधण ठेवलं.

"जा हो बाई, पण चहा पिऊन जा."

सुदेशनं घाईघाईनं बशी संपवली, तोंड उघडलं. आवडाबाईनं ती पुन्हा भरली. दुसरी संपली, तीही भरली. तिसऱ्या बशीपर्यंत त्याचा आवाज पार खाली आला होता.

"फोन करून नको म्हणून सांगतो त्याला. तुला विचारायला हवं होतं."

वर्षालीनं बशीचा तळ निरखला. "मग उद्या जाते," म्हणाली आणि बॅग खुंटीला अडकवली. त्या उद्याला अकरा वर्षं झाली.

आवडाबाई गेली ती शुक्रवारी पहाटे, झोपेतच. आदल्या दिवशी नेहमीसारखी कल्याणला चहाची पूड आणायला गेली होती.

"आजी, निम्मी भुकटी, निम्मी दाणेदार?" दुकानदारानं विचारलं.

"कधी बदललंय का रे?"

घरी आली तेव्हा चहा झाला होता. ती दारातूनच सुरू झाली, "अगं, आज तो मेला रिक्षावाला..."

"आधी बशी, आई," म्हणत वर्षालीनं तिच्यापुढे बशी सरकवली.

आवडाबाई हसली, मुकाट बसली, प्यायली. मग उठून तिनं पुडा डब्यात रिकामा केला, डबा दोनदा आपटून पूड खाली बसवली आणि झाकण घट्ट लावलं.