कैद्याला सासूबाईंची उत्तरं

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस टीव्ही बंद केला. काळा चष्मा लावून त्या दिवसभर पलंगावर बसायच्या आणि माझ्यावर लक्ष ठेवायच्या.

"काहीतरी वाची दाखाड," त्या म्हणाल्या.

मी तेव्हा कॉलेजातून नुकतीच निवृत्त झाले होते आणि हौसेने एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणत होते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या तुरुंगात गेलेल्या एका तरुणाने आईला लिहिलेली पत्रं. दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून तीच वाचायला घेतली. पहिल्या पत्राला त्यांनी थांबवलं. "असं पुस्तकी नको. आपली भाषामा सांग." त्या मूळच्या एरंडोलकडच्या. मग आयर्लंडचा तो क्रांतिकारक पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात अहिराणी बोलू लागला.

दुपारी शेजारच्या भाभीही येऊन बसू लागल्या. त्यांचे मियाँ शिलाईचं दुकान चालवतात. काजं-बटणांचं काम त्या घरी करतात, ते घेऊनच यायच्या.

दुसऱ्या पत्रात त्याने लिहिलं होतं, "आई, माझी काळजी करू नको. इथली लापशी फार छान असते."

"खोटं बोली राह्यना," सासूबाई ताडकन म्हणाल्या.

"कशावरून, अक्का?" भाभींनी विचारलं.

तेव्हा कळलं की आमचे सासरे तरुणपणी पाण्याच्या आंदोलनात धुळ्याच्या जेलात होते. तिथून त्यांनी कार्ड पाठवलं होतं: प्रकृती ठणठणीत, वरण उत्तम. "मना वरणले जन्ममा चांगलं म्हनं नही त्या मानूसनी!" सासूबाई म्हणाल्या. कार्ड ऐकताच त्या डबा घेऊन धुळ्याच्या एसटीत बसल्या. जेलात सासरे भेटायला आले ते पायजम्याची नाडी कमरेला दोनदा गुंडाळून, इतके वाळलेले.

भाभी हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "मग त्याच्या अम्मीला कळलं असेल का?"

पुस्तकात आईची पत्रं नव्हती. ती कुठे हरवली कोण जाणे. सासूबाईंना ते पटेना. पोरगा एवढं लिहितोय आणि माय गप्प? त्या दिवसापासून प्रत्येक पत्रानंतर त्या स्वतःच उत्तर देऊ लागल्या. घरच्या गाईबद्दल त्याने विचारलं, बहिणीची तक्रार केली, तर म्हणाल्या, "त्याले सांग, गाय गाभन शे. बहिनशी भांडू नको. आनि लापशीनं खोटं लिखू नको."

मी पुढचं पत्र उघडलं. त्यात होतं: 'गाय व्याल्याचं वाचून आनंद झाला.'

"मी सांगं ना!" सासूबाईंनी पलंगावर थाप मारली. भाभींच्या हातातलं बटण घरंगळत कपाटाखाली गेलं. ते शोधायला मी वाकले तशी वरून सूचना आली, "ते ऱ्हाऊ दे. गोऱ्हा का कालवड, ते वाच."

ते त्याने लिहिलं नव्हतं. सासूबाईंनी कालवड ठरवली.

एका पत्रात जेलरने बऱ्याच ओळींवर काळी शाई फासली होती. मी तसं सांगितलं, तर भाभी जेलरला हिंदीत जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. अनुवादातही घेता येणार नाही.

शेवटच्या पत्रात त्याला सोडणार असल्याची बातमी होती. स्टेशनवर गाव जमवू नका, म्हणून त्याने आईला बजावलं होतं. पोरगा घरी येणार म्हणून सासूबाईंनी मला भरताची वांगी भाजायला धाडलं. भाभींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विचारलं, "पुढे काय लिखं त्यानी?"

"पुढे पत्रच नाही, आई. संपलं पुस्तक."

मला वाटलं, आता त्या हिरमुसतील. त्या बोट चाटत शांतपणे म्हणाल्या, "घर उना ना तो? मंग चिठ्ठी कसाले लिखी?"