साडूंचं इरजण

उभ्या धाराशिव जिल्ह्यात कॉम्प्युटरपुढं चपला काढणारा माणूस आता एकच उरला असेल, आणि ते म्हणजे माझे थोरले साडू. तुळजापुरात त्यांच्या घरी एक जुनाट, पिवळा पडलेला कॉम्प्युटर अर्धी खोली अडवून बसलाय. त्याला आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंनी, शिवलेली मखमली झूल आहे, दसऱ्याला झेंडूचा हार आहे, आणि उन्हाळ्यात पंख्याचं तोंड माणसांकडं नसून त्याच्याकडं असतं. मी एकदा त्याच्याशेजारी चहाची कपबशी ठेवली, तर साडूंनी मला कपबशीसकट अंगणात नेऊन बसवलं. "पाव्हणं, त्याला वाफ सोसत न्हाय," म्हणाले.

या सोवळ्यापायीच त्यांचा जिवलग मित्र तुटला. तरुणपणी दोघांनी बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास काढला होता, अगदी एकसारखी दोन मशिनं घेऊन. एकदा मित्रानं कुणा बड्या पाहुण्याला चपलांसकट आत आणलं, साडूंनी त्या पाहुण्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं, आणि संध्याकाळपर्यंत क्लास मोडला. एक मशीन घेऊन मित्र तामलवाडीला गेला तो गेलाच. तेव्हापासून सोलापूरला जाताना तामलवाडी आली की साडू एसटीत डोळे मिटून घेत.

गेल्या वर्षी त्यांना मशिनची चिप 'ताजी' करायची लहर आली. आपण कोण, उठून काय करायचं, हे मशीन ज्या चिपमधून वाचतं, तिच्यात नवं लिहायला घेतलं आणि ऐन मध्यात लाईट गेली. लाईट परत आली, पण मशीन उठलं नाही. पडदा काळाच. साडूंनी जेवण टाकलं. नवा घेऊ म्हटलं, तर माझ्याकडं असं बघितलं की मी पावसापाण्याचा विषय काढला. "मेलं न्हाय वो ते, फकस्त सोताला इसरलंय," ते म्हणाले. "जोडीच्या मशिनचं इरजण लावलं की उठंल." जोडीचं मशीन तामलवाडीला. एकदा उठलेल्या मशिनला चिप लागत नाही, म्हणून ते चालू असतानाच त्याची चिप उपटायची, तिथं आपली बसवायची आणि तिच्यात सगळं पुन्हा लिहायचं. हात सरकला तर दोन्ही मशिनं कायमची मुकी. अबोला धरलेल्या माणसाकडं हे मागायचं कोणत्या तोंडानं? शेवटी आक्काच म्हणाल्या, "शेजारणीशी भांडान असलं तरी इरजणाला वाटी न्यावीच लागती."

मी साडूंना मोटारसायकलवरून नेलं. चिप देवीच्या अंगाऱ्याच्या रिकाम्या डबीत. मित्रानं दार उघडलं, डबीकडं बघितलं आणि काही न विचारता आतल्या खोलीकडं निघाला. कॉम्प्युटरच्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबून त्यानं पायातल्या घरच्या सपाता काढल्या. साडू बघतच राहिले.

"कवापासनं?"

"क्लास मोडल्यापासनं."

मित्राच्या मशिनची चिप उपटायला गेलेला हात साडूंनी मागं घेतला. मित्र हळूच म्हणाला, "काढ. गेली तर दोनी जाऊ देत." दोन्ही वाचली.

तेव्हापासून साडूंची चिप अधूनमधून पुन्हा 'इसरती'. परवा त्यांना न्यायला गेलो, तर मशीन झकास सुरू होतं. त्यांनी माझ्यादेखत ते बंद केलं, चिप काढली आणि डबीत घातली. तामलवाडीत मित्रानं डबी न उघडताच फळीवर ठेवली आणि चहा टाकायला सांगितला. दोघं दिवस मावळेपर्यंत बोलत बसले. निघताना मित्र म्हणाला, "डबी ऱ्हायली की रं."

"ऱ्हाऊ दे. न्यायला यीन की."

परतीच्या वाटेवर मला त्यांच्या वाया गेलेल्या वर्षांचं फार वाईट वाटलं. साडू माझ्या मागं बसून, दिसेनाशी होईपर्यंत, तामलवाडीकडं वळून वळून बघत होते.