साडेचार हजार वर्षांचा दाणा

धम्मदीपा म्हणजे महाशिस्तीची बाई. फ्रँकफर्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी टोस्ट खाल्ला की मागोमाग ती फडकं घेऊन हजर. “आल्झो, सुरुची, तुझे क्रम्ब्स पाच हजार वर्षांनी कुणीतरी वेचत बसेल हां,” असं जर्मन थाटात म्हणायची. राग यायचा मला, पण बोलायची सोय नव्हती. लोकांच्या चुलीतलं सांडलवंड वेचणं हेच तर तिच्या पोटापाण्याचं काम होतं.

ती मूळची नांदेडची. इथल्या एका संशोधन संस्थेत जुन्या वस्त्यांची माती येते. ती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. मायक्रोस्कोपखाली ब्रशनं ते निवडायचे आणि तेव्हाचे लोक काय पेरत होते ते सांगायचं. तिच्या वाट्याला गुजरातेतल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्याची माती आली होती. त्या लोकांनी ओढ्याला बांध घालून पाणी अडवलं होतं, गहू आणि जव काढले होते. “पाणी आलं की धान्य उरतं, उरलं की राखणदार लागतो, आणि राखणदाराचाच पुढे राजा होतो,” हे तिचं पालुपद. मी पडले आयटीतली. मला राजा कशाला, मॅनेजरच पुरतो.

मार्चमध्ये तिला त्या मातीत ज्वारीचा एक दाणा सापडला. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. आपल्याकडे ती नेमकी कधी आली यावरून विद्वानांची अजून हमरीतुमरी चालते. इतक्या जुन्या थरात ती सापडणं म्हणजे मोठीच बातमी. तिच्या प्रोफेसरबाई, फ्राऊ लेहमन, मायक्रोस्कोपवरून डोळा काढेनात. इथे आपला आनंद साजरा करायला केक आपणच आणायचा असतो. धम्मदीपानं दोन आणले. नांदेडला फोन गेला. तिचे वडील रामदासकाका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. विहारात दर रविवारी मुलांना शिकवतात. त्यांनी बातमी गावभर केली. विहारात त्यांचा आणि तिच्या आईचा, अरुणाकाकूंचा, सत्कार ठरला, लेकीच्या फोटोचा बॅनरही लागला.

सत्काराच्या आदल्या दिवशी आम्ही काकूंनी पाठवलेल्या ज्वारीच्या लाह्या खात होतो. डबा संपत आला होता. तळाशी न फुटलेले, करपून काळे पडलेले गणंग तेवढे उरले होते. त्यातला एक धम्मदीपानं बोटावर घेतला आणि तिचा चेहराच उतरला. “कोट घाल,” एवढंच म्हणाली.

लॅबमध्ये तिनं तो गणंग त्या जुन्या दाण्याशेजारी ठेवून पाहिला, मग मला बघायला सांगितलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मलाही दिसलं. दोघे एकाच कणसातले भाऊ.

“इथे टेबलाशी बसूनच खाल्ल्या होत्या गं लाह्या,” ती म्हणाली. “उठायचा कंटाळा आला म्हणून. मूठभरच. स्वेटरला चिकटला असणार. मी! लोकांना पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर ठेवायला लावणारी मी!” तिला माझ्याकडे बघवेना.

फ्राऊ लेहमनना तिनं तिथूनच मेल केली. उत्तर लगेच आलं. बरं झालं तुम्हीच पकडलंत, सोमवारी बोलू. त्यात रागाचा एक शब्द नव्हता, म्हणून तिला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग नांदेडला फोन. रामदासकाका ऐकायलाच तयार नाहीत. “दीपा, खुर्च्या लावायलोत बघ. तुझी माय नवी साडी घेऊन आली. उद्या बोल की सगळ्यांसमोर!”

“पप्पा, जरा ऐका ना...” म्हणेपर्यंत त्यांनी फोन ठेवलाही.

मी खवळले. “परत लाव! उद्या गळ्यात हार पडल्यावर सांगणार आहेस का?”

“तू सांग मग,” ती म्हणाली.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल आला. विहार भरलेला, काका-काकूंच्या गळ्यात हार, पुढे लहान मुलं मांडी घालून बसलेली. काकांनी फोन माइकपाशी धरला. “ही आमची दीपा. बोल बेटा, लेकरांना दोन शब्द सांग.”

“जय भीम,” ती म्हणाली. स्पीकरवरून तिचा आवाज खणखणीत घुमला, आम्हाला इथे ऐकू आला. “पप्पा, मला माफ करा. तो दाणा जुना नाही. माझ्याच डब्यातल्या लाह्यांचा आहे. चूक माझी आहे.” तेही तसंच घुमलं.

एक पोरगं फिदकन हसलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. काकांनी फोन जवळ घेतला. “आवाजच येईना बघ बेटा,” ते मोठ्यानं म्हणाले. “तिकडचं नेटवर्क खराब दिसतंय.” आणि कॉल कट झाला.

“जाऊ दे, सुटलीस,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली. “खोटं बोलायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. त्याच विहारात, त्याच पुढच्या रांगेत बसवून,” ती म्हणाली. “आज तिथल्या लेकरांसमोर माझ्यापायी खोटं बोलले गं पप्पा.”