सूर्यकांत बेलसऱ्यांचा बांध

सूर्यकांत बेलसऱ्यांविषयी उपेंद्ररावांना तसं काहीच ठाऊक नव्हतं. दुबईत, देऱ्यातल्या सर्व्हे कंपनीत अकरा वर्षं दोघांची टेबलं समोरासमोर होती. पण बेलसऱ्यांना भावंडं किती, हेसुद्धा ते गेल्यावर त्यांच्या मुलीकडून, सृष्टीकडून, कळलं. बेलसऱ्यांनी उन्हात मोजायचं आणि उपेंद्ररावांनी एसीत बसून नकाशे तपासायचे, एवढीच ओळख.

त्या डिसेंबरात रास अल खैमाकडे एका नव्या रस्त्याचं काम निघालं. वाटेत मातीचा एक लांबलचक उंचवटा आडवा येत होता आणि त्यावर जागोजागी खड्डे होते. महायुद्धात सैनिक त्यात बसून आकाशाकडे डोळे लावायचे, असं ड्रायव्हर तय्यबने कुणा म्हाताऱ्याकडून ऐकलेलं. उपेंद्ररावांनी नकाशात लिहून टाकलं: ‘लष्करी भराव, काढून टाकणे.’ गुरुवारी बुलडोझर येणार होता.

मंगळवारी पहाटे बेलसरे त्यांना गाडीत बसवून तिथे घेऊन गेले. धुकं इतकं दाट की डोंगर नव्हतेच. उंचवटा धुक्यातून निघून धुक्यातच शिरत होता. न दिसणाऱ्या शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा कुठूनशा ऐकू येत होत्या. बेलसरे एका खड्ड्यात उतरले आणि त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. राखेचा पट्टा, शिंपले, माती, पुन्हा राख. सैनिकांनी खड्डे तेवढे खणले, खालचा बांध त्यांना आयता मिळाला, असं ते म्हणाले. तो घातला तेव्हा लोखंड तरी होतं की नाही, देव जाणे.

काम थांबवलं तर मॅनेजर अर्सलान चिडेल, उपेंद्रराव पुटपुटले. बेलसरे हसले.

“आमच्या गावात बांध कोरणाऱ्याला पंगतीत कुणी शेजारी बसवत नाही, उपेंद्रराव. तुम्ही तर अख्खाच पुसताय.”

“मी मापं तपासतो हो. कुणाचा बांध ते मला कसं कळणार?”

“कुणाची तरी हद्द आहे, एवढं कळलं तरी पुरे.”

परतताना उपेंद्ररावांना डुलकी लागली. स्वप्नात कुणीतरी टोपलीने माती टाकत होतं आणि त्याच मातीवर बसून एक सैनिक विमानाची वाट बघत होता. दोघं शेजारी असल्यासारखे, निवांत.

दुपारी त्यांनी नकाशातले शब्द बदलले: ‘प्राचीन बांध असण्याची शक्यता. पुरातत्त्व विभागाला दाखवल्याशिवाय हात लावू नये.’ खाली सही केली. रिटायरमेंटला तीन महिने राहिले असताना हे काय सुचलं, असं अर्सलानने हिंदीत सुनावलं. पण सही झालेला नकाशा त्यालाही मागे घेता येईना. बुलडोझर रद्द झाला.

संध्याकाळी मेट्रोच्या फलाटावर बेलसरे भेटले. दुसऱ्या दिवशी ते सुट्टीवर साताऱ्याला गेले आणि तिकडेच त्यांचं हृदय थांबलं. त्यामुळे शेवटचं बोलणं झालं ते एवढंच.

“बांधाची रेषा शंकेची, तुटक काढलीत की पक्की, सलग?”

“सलग.”

“बरं केलंत. यल्ला, निघा, तुमची गाडी आली.”